उरल्याच्या कचऱ्यावर पीएचडी

रिअ‍ॅक्टरच्या तोटीतून तेल यायला हवं होतं. आलं ते काळं मेण, आणि तेही थोडंसं येऊन थांबलं. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडमध्ये आम्ही तोटीकडे बघत उभे होतो: कंपनीचे मालक मुकुंद चिंचोळकर, त्यांचे सुपरवायझर साहूजी, माझी पीएचडीची विद्यार्थिनी रश्मी वानखेडे आणि तिची गाइड म्हणून मी.

"मॅडम, हे काय होऊन राह्यलं?" चिंचोळकर म्हणाले. "तुमच्या लॅबमधी तर पिवळं तेल निघून राह्यलं होतं. मीच पाह्यलं डोळ्यानं."

"बघते मी," असं म्हणून मी वेळ मारून नेली. काय बघणार होते ते मलाच ठाऊक नव्हतं.

मी रायपूरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. आमचं शहर छत्तीसगडची राजधानी झालं आणि सगळ्यांनाच काहीतरी नवं करून दाखवायची घाई सुटली. त्या घाईतच ही स्कॉलरशिप निघाली. अर्धा खर्च कॉलेजचा, अर्धा कंपनीचा, विषय प्लास्टिकच्या कचऱ्यापासून तेल काढणारा कॅटॅलिस्ट. दरवर्षी रिव्ह्यू व्हायचा. एकाने हात काढून घेतला की दुसऱ्याचाही आपोआप निघणार, अशी अट होती. रश्मी उरल्याजवळच्याच बीरगांवची, शाळेतली नोकरी सोडून आलेली. घरी लग्नाचं चाललं होतं. वडिलांनी सांगितलं होतं, स्कॉलरशिप आहे तोवर शिक, ती बंद झाली की आमचं ऐकायचं. आणि रिव्ह्यू पुढच्याच महिन्यात होता.

कॅटॅलिस्ट म्हणजे काय, ते आधी सांगते. प्लास्टिक म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. नुसत्या तापवल्या तरी तुटतात, पण वाट्टेल तशा. कॅटॅलिस्ट असला की कमी आचेवर आणि हव्या तशा तुटतात, शिवाय तो स्वतः संपत नाही. वर्गात मी सांगते, एकत्र कुटुंबात भांडण लावून देणारी शेजारीण असते ना, तशी. घर फुटतं, हिचं काही जात नाही, ही पुढच्या घरी जायला मोकळी. आमची शेजारीण लॅबमध्ये घरामागून घर फोडत होती. उरल्यात पहिल्याच घरी तिचा घसा बसला.

कंपनीनेच पाठवलेल्या पोत्यातलं प्लास्टिक घेऊन आम्ही लॅबमध्ये पुन्हा प्रयोग केला. उत्तम तेल निघालं. कॅटॅलिस्ट नव्याने बनवला. पुन्हा उत्तम. माझा संशय कंपनीच्या तापमापकावर, रश्मीचा स्वतःवर.

"मॅडम, मेरी ही कुछ गलती होगी," ती म्हणाली. तिला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत. इथे घरोघरी हेच आहे.

"काहून तुझी? दरवेळी आपलीच चूक कशाले शोधून राहिली?"

डबा न उघडताच तिने परत पिशवीत ठेवला. मला तिची काळजी वाटायला लागली, आणि काळजी वाटली की मी चिडते. दुसऱ्या दिवशी तिला गाडीत घातलं आणि न कळवता उरला गाठला. प्लास्टिकचं पोतं संपत आलं होतं, तेवढंच निमित्त.

शेडच्या मागे नळावर साहूजी बसले होते. बाही वर सारून दुधाच्या रिकाम्या पिशव्या साबणाने धूत होते. धुतलेल्या पिशव्या दोरीवर ओळीने वाळत होत्या. आम्हाला पाहून ते लगबगीने उठले.

"अरे मॅडम, आप लोग क्यों आए? आपका ही माल तैयार कर रहा था."

"हमारा माल?" रश्मीने विचारलं.

"हव. कॉलेज में जाना है न, दीदी. वहाँ कचरा थोड़ी भेजेंगे. कंपनी की इज़्ज़त है." चिंध्या, माती, फाटकं सगळं बाजूला काढून, एकसारख्या पिशव्या निवडून, धुऊन, वाळवून ते पोतं भरत. पहिल्यापासून. तेही रोजची ड्यूटी संपल्यावर.

"और मशीन में?"

"मशीन में क्या धोना, दीदी. मशीन तो मशीन है."

मला हसावं की रडावं कळेना. पाहुण्याला फुटका कप देऊ नये, या हिशेबाने त्या माणसाने आमच्या संशोधनाचा पार निकाल लावला होता.

रश्मी एव्हाना मशीनजवळच्या खऱ्या ढिगापाशी पोचली होती. तिथे गुटख्याची पाकिटं होती, रेक्झिनचे तुकडे होते, वायरींची सोललेली आवरणं होती. त्यातले थोडे तुकडे तिने पिशवीत भरले. लॅबमध्ये येऊन तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवली, आवरणाला टेकवली, परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार झाली. हिरवी ज्योत म्हणजे बहुतेक क्लोरीन. वायरीच्या आवरणात पीव्हीसी नावाचं प्लास्टिक असतं. ते तापलं की आम्ल सुटतं, आणि त्या आम्लाने आमचा कॅटॅलिस्ट मरत होता. दुधाच्या पिशवीने ज्योत हिरवी झाली नाही.

मला हायसं वाटलं. रिव्ह्यूत काय बोलायचं ते माझं ठरलं. नमुना कंपनीने दिला, चुकीचा दिला, आम्ही काय करणार?

रिव्ह्यूला प्राचार्य होते, चिंचोळकर होते आणि त्यांच्या मागच्या खुर्चीत साहूजी. आपल्या धुण्याने काय झालं ते एव्हाना त्यांच्याही लक्षात आलं होतं. तोंड एवढंसं झालं होतं.

"सॅम्पल कोणं भरलं होतं?" चिंचोळकरांनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच रश्मी उभी राहिली. "सर, सॅम्पल हमें खुद आकर ढेर से उठाना था. नहीं उठाया. ये हमारी तरफ से हुआ."

मी तिच्याकडे रागाने पाहिलं. दोष आपल्या अंगावर घेऊन ही पोरगी स्वतःची स्कॉलरशिप बुडवत होती. मग माझी नजर साहूजींकडे गेली. ते खाली मान घालून चष्मा पुसत होते, आणि मी बोलणार होते ते गिळलं.

"मंग आता?" चिंचोळकर म्हणाले.

"सर, अब सबसे गंदी बोरी दीजिए." तिने फळ्यावर चित्र काढलं. आधी कचरा मंद आचेवर तापवायचा. आम्ल तेवढ्यातच निघून जातं, ते चुन्यात अडकवायचं. उरलेलं मग कॅटॅलिस्टकडे पाठवायचं. कॅटॅलिस्टही थोडी घाण सोसणारा बनवावा लागेल. "एक साल और लगेगा, सर."

प्राचार्यांनी घसा खाकरला. विषय बदलल्यासारखा दिसतो, असं काहीतरी म्हणाले. चिंचोळकर उठून फळ्याजवळ गेले.

"साहेब," ते प्राचार्यांना म्हणाले, "दुधाच्या धुतलेल्या पिशव्यायचं तेल काढून मले करायचं काय हाय? त्या तर भंगारवाला हसत घेऊन जाते. जे कोणी घेत नाही, तेच माझ्या शेडमधी पडून राह्यते. ही पोट्टी आत्ता कुठं माझ्या कामाचं बोलून राहिली." मग मागे वळून म्हणाले, "साहूजी, अब से मॅडम लोगों का माल कोई नहीं धोएगा."

"हव, सर," साहूजी म्हणाले.

स्कॉलरशिप चालू राहिली. वर्ष मात्र वाईट गेलं. गुटख्याच्या वासाने लॅबच्या शेजारचे प्राध्यापक माझ्याशी बोलेनासे झाले, चुना दोनदा चिकटून नळी फुटली, रश्मीचे कपडे तिची आई वेगळे धुवायला लागली. शेवटी तेल निघालं. लॅबमधल्याइतकं सुंदर नव्हतं, जरा लालसर होतं, पण थांबलं नाही. त्या दिवशी रश्मी शेडच्या बाहेर जाऊन रडली.

"आता काहून रडून राहिली?" मी विचारलं.

"मॅडम, घर में बताया ही नहीं था कि पिछले साल स्कॉलरशिप बंद होते-होते बची. आज बताऊँगी."

आज ती डॉक्टर रश्मी आहे. कंपनीने दुसरी स्कॉलरशिप जाहीर केली, तिच्या मुलाखती घ्यायला रश्मीच बसते. या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच: नमुना मागवायचा नसतो, आपण जाऊन उचलायचा असतो. मागवलात, तर चांगली माणसं तुम्हाला चांगलंच पाठवणार.