बेस सोलो आणि पुढचं टेबल

“मॅडम, मशीन उत्तम आहे. पण ब्रश ऐकू येत नाही.”

“कुठला ब्रश, सर?”

बापट सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू कान माझेच तपासायला हवेत. मग टेबलावर तळहात गोल गोल घासून दाखवला. जॅझमध्ये ड्रमवाला पुष्कळदा काठीऐवजी तारांचा ब्रश फिरवतो. ती सळसळ सरांना ऐकू येत नव्हती.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. कान तपासायचे, श्रवणयंत्र निवडायचं आणि कॉम्प्युटरला जोडून ते त्या माणसाच्या कानाप्रमाणे लावून द्यायचं, हे माझं काम. नाशिकहून जयपूरला आल्यापासून मालवीय नगरच्या एका क्लिनिकमध्ये आहे. बापट सर इथल्याच कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले. मराठी बोलायला कोणी मिळालं म्हणून माझ्यावर खूश, बाकी जगावर नाराज. कुठलाही संथ सॅक्सोफोन वाजला की त्याला जॅझ म्हणणाऱ्यांवर नाराज. कॅफेत जॅझ लावून त्यावर गप्पा हाणणाऱ्यांवर नाराज. “यात गाणं कधी सुरू होतं?” असं विचारणाऱ्या स्वतःच्या जावयावर तर फारच. पण खरा राग बेस सोलोत बोलणाऱ्यांवर.

“बेस म्हणजे ते माणसापेक्षा उंच, व्हायोलिनसारखं दिसणारं वाद्य,” त्यांनी मला समजावलं. “त्याची पाळी आली की बाकीचे जवळजवळ थांबतात. लोकांना वाटतं, इंटरव्हल झाली. मतलब, जिथे गप्प बसायचं तिथेच तोंड उघडतात.”

श्रवणयंत्र बोलण्यासाठी बनवलेलं असतं. एकसारखी सळसळ आली की ते पंख्याचा आवाज समजून दाबून टाकतं. हळू आवाज वाढवतं, मोठा आवरतं, त्यामुळे संगीतातले चढउतार सपाट होतात. कानात बसणारं रबरी टोक भोकाचं असेल, तर खालचे सूर बाहेर निसटतात. सरांचा बेस तिथूनच निसटत होता.

मी कानाचं माप घेऊन त्या टोकाऐवजी कानात घट्ट बसणारा बंद मोल्ड करून घेतला आणि सळसळ दाबणारं नॉइज रिडक्शन बंद करून वेगळा म्युझिक प्रोग्राम बनवला. सर आपला प्लेअर घेऊन येत, आम्ही ऐकत बसायचो, मी सेटिंग बदलायची. क्लिनिकचे मालक शेखावतजी दारातून डोकावायचे.

“मॅडमजी, इनको बात सुनाई देती है ना?”

“हाँ, बात तो सुनाई देती है.”

“तो फिर? बाहर पेशंट बैठे हैं.”

तरी मी ते काम सोडलं नाही. एके दिवशी सेटिंग बदलता बदलता सरांनी हात वर करून मला थांबवलं. डोळे मिटून तो तुकडा संपेपर्यंत ऐकलं. “ब्रश आला,” एवढंच म्हणाले. मग चष्मा पुसत बसले.

पुढच्या आठवड्यात ते एका हॉटेलातल्या जॅझ मैफलीचे दोन पास घेऊन आले. एक माझ्यासाठी. मी आधीच सांगितलं, “सर, यंत्राच्या या म्युझिक प्रोग्राममध्ये आजूबाजूचं सगळं आत येणार. त्रास झाला तर बटण दाबून बोलण्याच्या प्रोग्रामवर या.”

“त्यात बेस राहील?”

“नाही.”

“मग त्यावर नाही येणार.”

हॉटेलच्या लॉनवर पियानो, बेस आणि ड्रम असे तिघं वाजवत होते. आमच्या पुढच्याच टेबलावर प्रायोजकांची पाहुणेमंडळी होती. पहिली दोन गाणी बरी गेली. ड्रमवाल्यानं ब्रश उचलले तेव्हा सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मग पियानो थांबला आणि बेस एकटा पुढे निघाला.

पुढच्या टेबलावर जयपूरजवळच्या चौमू गावातल्या कुठल्याशा प्लॉटचा विषय सुरू झाला. प्लेटा वाजल्या. कोणी तरी मोठ्यानं हसलं. सरांनी पुढे वाकून हात जोडले. “भाईसाहब, बस दो मिनिट.”

“अंकल, गाना तो शुरू होने दीजिए,” तो गृहस्थ म्हणाला.

त्याच्या शेजारच्या बाईंनी मागे वळून पाहिलं. सरांच्या कानातलं यंत्र त्यांना दिसलं. त्या अगदी प्रेमळपणे, लहान मुलाला सांगावं तसं, स्वतःच्या कानाला बोट लावून सावकाश म्हणाल्या, “अंकलजी, मशीन की आवाज कम कर लीजिए. आपको तकलीफ नहीं होगी.”

त्यांच्या मनात खोट नव्हती. तेच जास्त लागलं. मी काही बोलणार, तेवढ्यात सरांनी दोन्ही यंत्रं काढली आणि खिशात टाकली. मग बेसवाल्याची बोटं बघत बसले. सोलो संपला हे त्यांना बोटांवरूनच कळलं असावं. टाळ्या वाजवल्या त्या त्यांनी एकट्यांनी. मीही वाजवायला हव्या होत्या, पण मी त्यांच्याकडेच बघत राहिले.

काही दिवसांनी ते क्लिनिकमध्ये आले. “तो म्युझिक प्रोग्राम काढून टाका.”

“राहू द्या ना सर. घरी रेकॉर्ड ऐकायला.”

“घरी लावून पाहिलं. बेस सुरू झाला की आता कोणी तरी बोलेल, याची वाट बघत बसतो.”

मी समजावून पाहिलं. ते ऐकून घेत होते, पण बघत होते दाराकडे. शेवटी मी प्रोग्राम काढला. दोन-तीन क्लिकचं काम. शेखावतजी खूश झाले. मशीन आता सरळ होतं, पेशंटची तक्रार नव्हती.

आता संगीतासाठी यंत्र मागायला कोणी आलं, तर मी आधी विचारते, घरी ऐकणार की लोकांत. लोकांत म्हणाले, तर फार आशा दाखवत नाही. यंत्र कानाप्रमाणे लावून देता येतं, पुढचं टेबल नाही.

बापट सरांना बोलणं स्पष्ट ऐकू येतं. आमच्या क्षेत्रात अशी केस यशस्वी धरतात.