आपल्याच कलमांचे बक्षीसपत्र

दत्तोपंतांनी पुष्कळ लोकांना बुडवले, पण फसवले एकाच माणसाला. तो माणूस म्हणजे त्यांची बायको. तिचे भले करायला निघून फसवले, आणि ही अक्कल त्यांना एका वकिलाने दिली.

मी त्यांच्या बागेत मोहोर बघत फिरत होतो, आणि बेलीफ कलमाच्या बुंध्यावर नोटीस डकवत होता. मागे छत्री धरून रिसीव्हर उभे. माणसाची देणी फेडण्यापलीकडे गेली की कोर्ट त्याला नादार ठरवते. मग त्याची मालमत्ता ताब्यात घेऊन, विकून, सावकारांत वाटायची, हे रिसीव्हरचे काम. दत्तोपंतांची संगमेश्वरपर्यंत मोटार सर्व्हिस होती. गाड्या हातखंब्याच्या अलीकडेच बंद पडत. उतारू पायी पुढे जात आणि दत्तोपंत नवीन कर्ज काढत.

"साहेब, चुकताय," मी म्हणालो. "गाड्या दत्तोपंतांच्या. कलमं द्वारकावहिनींची."

माझा धंदा बागा मक्त्याने घेण्याचा. मोहोर धरला की पीक अंदाजायचे, भाव ठरवायचा, विसार द्यायचा. तिथून पुढे राखण, तोडणी, पाट्या भरून आगबोटीने मुंबईला धाडणे, सगळे माझ्या अंगावर. पाटीत आंबा नासका निघाला तर मुंबईचा व्यापारी माझ्या हिशेबातून कापतो. कोकणात जमीन एकाची आणि वरचे झाड दुसऱ्याचे असू शकते, म्हणून झाड कुणाचे हे विचारल्याशिवाय मी तोंडातून भाव काढत नाही.

ही कलमे वहिनींच्या वडिलांनी लग्नात आंदण दिलेली. दत्तोपंतांच्या वडिलांनी कातळाचा तुकडा दाखवला, खड्डे फोडून माती भरून दिली, आणि चारचौघांत सांगितले, ही सूनबाईची. पाणी वहिनींनी घातले. सौदा मी त्यांच्याशीच करी; यंदाचा विसारही त्यांच्याच हातात दिलेला. बाई अशी चिवट, की मी दोनदा उठून पायरीपर्यंत गेल्याशिवाय माझा सौदा कधी पटला नाही. मोटारींनी घरातले सगळे खाल्ल्यावर चूल पेटत होती ती ह्या कलमांवर.

रिसीव्हर शांतपणे म्हणाले, "शेट, नवऱ्याची नादारी बायकोच्या स्त्रीधनाला लागत नाही, हे मलाही ठाऊक आहे. बाईंच्या हातातल्या पाटल्यांना मी हात लावला नाही. पण हे वाचा."

रजिस्टर केलेले बक्षीसपत्र होते, गेल्या पावसाळ्यातले. 'माझ्या मालकीची आंब्याची कलमे मी पत्नीस बक्षीस देत आहे.' खाली नवऱ्याची सही. त्याखाली, बक्षीस कबूल म्हणून, वहिनींची.

"नादारीच्या आधी दोन वर्षांत दिलेलं बक्षीस कोर्ट मोडतं," रिसीव्हर म्हणाले. "नाहीतर प्रत्येक बुडता माणूस सगळं बायकोच्या नावावर करून मोकळा होईल."

कायदा रास्त आहे. दत्तोपंतांच्या कर्जात माझे पैसे अडकले असते तर मीही हेच मागितले असते. म्हणून तर डोके जास्त फिरले.

तसाच घरी गेलो. दत्तोपंत झोपाळ्यावर.

"जे तुमचं नव्हतं ते दिलंत कसं?"

"वाचवायला केलं, बाबाजीशेट. वकीलसाहेब म्हणाले, तोंडी आंदण कोर्टात कोण मानतो? कागद हवा."

"मग वहिनींच्या वडिलांनी दिलं असं लिहायचं. तुमचं कशाला लिहिलंत?"

दत्तोपंतांनी झोपाळ्याला पाय लावला. माजघराच्या दारातून वहिनी म्हणाल्या, "मी विचारलं होतं. माझंच मला कसलं देता? तर म्हणाले, तुला कायद्यातलं काय कळतं. माझ्या बापाने दिलंन् ते. ह्यांना मी फक्त आंबे खायला दिले."

मग त्या पुढे आल्या आणि पाटली काढू लागल्या. "तुमचा विसार अडकला, शेट."

"पाटली हातात घाला, वहिनी. तिचंही बक्षीसपत्र करून घेतील."

तिथून वकिलाकडे. ते पान लावत होते.

"झाडं कुणाची, हे विचारलंत?"

"जमीन पक्षकाराची. झाडं त्याचीच धरली."

"बाईंना विचारलंत?"

"बाई माझ्या पक्षकार नव्हत्या."

"मी एक पाटी आंबे घेताना याहून जास्त चौकशी करतो."

"म्हणून तुम्ही आंब्यात राहावं, शेट. कायद्यात पडू नये."

कोर्टात मी साक्ष दिली. इतकी वर्षे पैसे वहिनींच्या हातात दिले, हे सांगितले. रिसीव्हर म्हणाले, बायको घरचा माल विकते, म्हणून ती मालक ठरत नाही. आंदण देणारे आणि ऐकणारे बहुतेक वर गेलेले. जज्जसाहेबांनी वहिनींना कागद दाखवला.

"सही तुमची?"

"माझी. झाडंही माझीच."

"कागद म्हणतो, नवऱ्याची होती."

"कागदाने पाणी घातलं नाही, साहेब."

कोर्टात कुणीतरी हसले. निकाल कागदाचा लागला. बक्षीस रद्द झाले, कलमे नवऱ्याची ठरली आणि लिलावात गेली. पाटल्या मात्र वहिनींकडेच राहिल्या, कारण त्या देण्याचे औदार्य दत्तोपंतांना सुचले नव्हते. आता मोहोर आला की वहिनी कुंपणाच्या अलीकडून बघतात आणि लोकांची भाजणी दळतात.

यातून मी शिकलो ते एवढेच, की जे आपले आहे ते कुणाकडून बक्षीस घेऊ नये.

पण माझे भांडण तिथे संपत नाही. लिलावाचे पैसे वाटायची वेळ आली तेव्हा सावकारांच्या यादीत वकीलसाहेबांचे नाव होते. बक्षीसपत्र लिहिल्याची फी दत्तोपंतांनी बुडवली होती, ती त्यांनी मागितली. वाटणीप्रमाणे मिळाली. वहिनींच्या कलमांतून.

माझ्या पाटीत नासका आंबा निघाला तर मी भरून देतो. वकीलसाहेब, तुमचा कागद नासका निघाला. तो कोण भरून देणार, हे मला आळीत भेटल्यावर नको, चार माणसांत सांगा.