तांबे मॅडम आणि माझे अकरा मृत्यू

सर्व संबंधितांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखक श्री. पेडणेकर, राहणार गिरगाव, वय त्रेपन्न, वजन पंचाण्णव किलो, हे परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयात अवघ्या एका महिन्यात अकरा वेळा मरण पावले. शोकसभा ठेवलेली नाही. हारफुले पाठवू नयेत. खाण्याजोगे काही असल्यास हरकत नाही.

मला मारणाऱ्या बाईंचं नाव डॉ. संघमित्रा तांबे. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर आणि शिवाय संशोधक. उंची पाच फुटांच्या आतबाहेर, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात एकीकडे स्टेथोस्कोप आणि दुसरीकडे दोरीला लटकवलेलं स्टॉपवॉच. नवीन नातेवाईकांना वाटायचं, या पी.टी.च्या बाई इथे काय करतायत? एका आजोबांनी तर घाबरून विचारलं होतं, “मला धावून दाखवायला लागेल का?”

मी त्याच रुग्णालयात रेकॉर्ड सेक्शनला आहे. बरे झालेले आणि न झालेले, सगळे शेवटी कागद होऊन माझ्याकडे येतात. एके दिवशी मॅडम एक केसपेपर मागायला आल्या. लालबागचा एक टॅक्सीवाला. दम लागून आला होता. खाली कॅज्युअल्टीत पोहोचला तेव्हा बोलत होता, चौथ्या मजल्यावर अतिदक्षता विभागात पोहोचला तेव्हा बोलत नव्हता. मॅडमनी उभ्याउभ्याच पेपर वाचला.

“मृत्यूचं कारण बरोबर लिहिलंय. पण खालून वर यायला लागलेली अठरा मिनिटं कुठे लिहिलीत?”

“तसा रकाना नाही, मॅडम.”

“म्हणजे ती मिनिटं झालीच नाहीत?”

त्यांनी पेपर मिटला, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “तुमचं वजन किती हो?”

“पंचाण्णव.”

“वा!” त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी माझ्या टेबलावर थाप मारली. माझं वजन ऐकून आजवर डॉक्टरांनी उसासे टाकले होते, शिंप्याने कपाळाला हात लावला होता. “वा” कुणी म्हटलं नव्हतं. मॅडमना खोटा पेशंट हवा होता आणि तोही जड. हलक्या पेशंटला वॉर्डातली माणसं भरभर ढकलतात, मग मोजमापाला अर्थ उरत नाही. मी आमच्या वाडीच्या गणेशोत्सवात सलग एकोणीस वर्षं नाटकात काम केलेला माणूस. प्रमुख भूमिका, तीही आडवं पडून! मी लगेच हो म्हटलं.

मॅडम डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेल्या. एका मजल्याला एक नळ, पाणी पाऊण तास. पाण्याच्या रांगेची जबाबदारी सहावीपासून त्यांच्याकडे. “रांगेत पुढे काय चाललंय ते दिसत नाही,” त्या सांगायच्या, “पण हंडा सरकला नाही की कळतं, पुढे कुणीतरी गप्पा मारतंय.” त्यामुळे कुठल्याही भानगडीत त्यांचा पहिला प्रश्न ‘काय झालं?’ हा नसे. त्या विचारत, “कुठे थांबलं?” एक्स-रे आला नाही, कुठे थांबला? मी उशिरा आलो, कुठे थांबलात? त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न ठरत नव्हतं, तर त्यांनी आईला फोनवर विचारलं, “कुठे थांबलंय?” आई म्हणाली, “संगू, तो माणूस आहे, रक्ताचा रिपोर्ट नाही.”

तर प्रयोग असा. माझ्या डोक्याला बँडेज, तोंडावर मास्क, गळ्यापर्यंत चादर. माझ्या सख्ख्या आईने ओळखलं नसतं. ट्रॉली कॅज्युअल्टीतून निघाली की मॅडम घड्याळ चालू करणार. ठरलेल्या वेळेत वर पोहोचलो तर जगलो. नाहीतर मॅडम ट्रॉलीवर वाकून शांतपणे सांगत, “पेडणेकर, गेलात.”

पहिल्या दिवशी मी रंगात येऊन कण्हलो, तडफडलो आणि ‘आई, तुझं शेवटचं दर्शन’ असं एक छोटंसं स्वगतही घातलं. मॅडम दातओठ खात पुटपुटल्या, “तुम्ही बेशुद्ध आहात. बेशुद्ध माणसाला संवाद नसतात.” दुसऱ्या दिवशी मी इतका छान बेशुद्ध झालो की घोरायला लागलो. तिसऱ्या दिवशी वाटेत एका म्हातारीने माझ्या उशाशी केळं ठेवलं आणि म्हणाली, “उठशील रे बाबा.” संस्कार आड आले. मी डोळे उघडून “आभारी आहे” म्हणालो. तिला सावरायला दोन सिस्टर लागल्या.

घरी बायको विचारायची, “आज किती वेळा?”

“दोनदा.”

“मग जेवणार आहेस की नाही?”

महिनाअखेरीस मॅडम कॅनव्हासचे बूट वाजवत रेकॉर्ड सेक्शनमध्ये धावत आल्या. “सापडलं! पेडणेकर, सापडलं!” त्यांनी माझे सगळे जन्ममृत्यू टेबलावर पसरले. सकाळी नऊला निघालो, जगलो. दुपारी तीनला, जगलो. साडेदहा ते साडेअकरा, प्रत्येक वेळी मेलो. अकराच्या अकरा मृत्यू त्या एका तासातले! आणि ज्याच्या केसपेपरपासून हे सुरू झालं, तो टॅक्सीवालाही पावणेअकरालाच आला होता.

त्या तासात काय होत होतं, ते मला आडवं पडून रोज दिसत होतं, पण मीही इथलाच असल्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मोठे साहेब, म्हणजे आमचे अधीक्षक, रोज अकराच्या सुमाराला वर राउंडला जातात. त्यांना थांबावं लागू नये म्हणून लिफ्टमन तावडेकाका साडेदहापासून मोठी लिफ्ट तळमजल्यावर धरून ठेवतात. दार उघडं, आत कुणी नाही, बाहेर स्टुलावर तावडेकाका. ट्रॉली आली की म्हणणार, “दोन मिनटां थांबा, सायब येतले.” दुसरी लिफ्ट आहे, पण तिच्यात ट्रॉली मावत नाही. तावडेकाका दुष्ट नव्हेत. त्यांच्या आधीच्या लिफ्टमनने त्यांना तसंच शिकवलं होतं.

मॅडम अहवाल घेऊन साहेबांकडे गेल्या. मी कागद धरायला मागे. साहेबांनी तो चष्मा चढवून वाचला.

“लिफ्ट धरून ठेवण्याचा आदेश माझ्या कार्यालयातून निघालेला नाही. आदेशाची प्रत आहे?”

“नाही, सर. असा आदेशच नाही.”

“मग लिफ्ट कोण धरेल? मी पंधरा वर्षं तीच लिफ्ट वापरतोय. एकदाही थांबावं लागलं नाही! उत्तम लिफ्ट आहे.” त्यांनी पेन उघडलं. “तुमच्या अभ्यासाची परवानगी या महिन्यात संपते. मी ‘बंद करावा’ असा शेरा मारतो.”

मॅडमचा आवाज चढला नाही, पण स्टॉपवॉचची दोरी त्यांनी मुठीत घट्ट धरलेली मला दिसली. शेरा पडला की अहवाल माझ्याच कपाटात येणार होता आणि लिफ्ट उद्याही साडेदहाला उघडीच उभी राहणार होती.

“सर,” त्या म्हणाल्या, “हे पेडणेकर अकरा वेळा मेले, ते तुम्हाला पटत नाही. तुम्ही स्वतः एकदा झोपाल का?”

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “मास्क स्वच्छ असेल ना?”

माझी भूमिका गेली! महिनाभर कमावलेली! मला नातेवाईक केलं, चालतं-बोलतं दुय्यम पात्र.

पुढचं आधीच सांगून टाकतो, कारण मॅडमबद्दल तेही कळायला हवं. आज त्या लिफ्टसमोर लाल पट्टा आहे आणि पहिला मान ट्रॉलीचा. साहेब जिन्याने जातात आणि दुसऱ्या मजल्यावर फोन आल्याचं नाटक करून दम घेतात. तावडेकाकांना मेमो निघणार होता, तो मॅडमनी अडवला. “त्यांनी लिफ्ट धरली नाही, सर, आपण सगळ्यांनी धरली,” म्हणाल्या. मॅडम आता दुसऱ्या रुग्णालयांत जाऊन तिथे काय थांबलंय ते शोधतात. माझ्या केसपेपरांत नवा रकाना आहे: ‘वाटेत गेलेला वेळ’. सध्या त्यातले आकडे लहान असतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी अकराला पाच कमी असताना आम्ही लिफ्टपाशी पोहोचलो. ट्रॉलीवर साहेब, बँडेज, मास्क, चादर. बाजूला मी, चेहऱ्यावर जमेल तेवढं दुःख. मागे मॅडम, घड्याळ चालू. समोर लिफ्ट, उघडी आणि रिकामी.

“अरे पेडणेकर!” तावडेकाका कळवळले. “कोण रे तुझो?”

“मेव्हणे.”

“अरेरे! बस हंयसर, बस.” त्यांनी स्वतःचं स्टूल मला दिलं. “दोन मिनटां हां. सायब येतले.”

दोन मिनिटं झाली. चार झाली. तावडेकाका मान उंचावून साहेबांच्या दाराकडे बघत होते. “आज सायब खंय रवले?” त्यांना खरीच काळजी लागली होती.

“काका, पेशंट सीरियस आहे,” मॅडम म्हणाल्या.

“हंयसर सगळेच सीरियस, मॅडम. लिफ्ट सोडलंय आणि सायब इले तर? पंधरा वर्सां त्येंका उभ्या ठेवूक नाय मी.”

सहा मिनिटं. चादरीखाली काहीतरी हललं. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं, मग ट्रॉलीवर वाकल्या आणि मला महिनाभर ऐकवलेल्या त्याच शांत आवाजात म्हणाल्या, “सर, गेलात.”

मास्क उडाला. बँडेज एका डोळ्यावर आलं. अधीक्षक साहेब ट्रॉलीवर ताडकन उठून बसले आणि साऱ्या तळमजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, “अहो तावडे, मरू दे तो साहेब! पेशंटला आधी वर घ्या!”