बेरिलनं टाकून दिलेली बोली

माझी चुलत बहीण बेरिल ट्रोमन्स सोळाव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या एका मोठ्या दुकानात नोकरी मागायला गेली. हिशेबात चोख, दिसायला नीटनेटकी. तिथल्या साहेबानं तिला दोन-चार वाक्यं बोलायला लावली आणि म्हणाला, "तोंड उघडेपर्यंत तू फार छान वाटतेस. पण गिऱ्हाईक तुला मठ्ठ समजेल. मागं गोदामात जागा आहे, बघ."

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा तिचे वडील, म्हणजे माझे जोसाया काका, पोट धरून हसले. "बर्मिंगहॅमवालं आपल्याला हसत्यात? त्यांचं बोलणं म्हंजी सर्दी झालेली मेंढी."

आमच्या गावात, क्रॅडली हीथमध्ये, आम्ही सगळे इतरांबद्दल असंच बोलायचो. दहा मैलांवरचे बर्मिंगहॅमवाले नाकात रडणारे, लंडनवाले लबाड, वेल्सचे गोडबोले. आणि आम्ही 'यू आर'च्या जागी 'यू अ‍ॅम' म्हणतो, म्हणून बाकीचे आम्हाला 'यॅम-यॅम' म्हणून चिडवायचे. त्याचा राग यायचा, पण म्हणून दुसऱ्याची टिंगल काही आम्ही सोडली नाही.

बेरिल मात्र त्या दिवशी हसली नाही. तिनं गोदामातली नोकरी धरली आणि पगारातून जवळच्या स्टोरब्रिज गावातल्या एका बाईंकडे उच्चार शिकायला जाऊ लागली. काका परसातल्या भट्टीवर साखळीच्या कड्या ठोकत असायचे आणि ही शेजारच्या धुण्याच्या खोलीत दातांत बूच धरून तीच ती वाक्यं घोकायची. मी तिच्यासमोर आरसा धरायचे. शेजारणी कुंपणावरून ओरडायच्या, "राणीसाहेब, कोळसा संपलाय आमचा. राजवाड्यातून धाडता का?"

पण तिनं करून दाखवलं. गोदामातून काउंटरवर आली, तिथून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. तिचा आवाज ऐकायला लोक उगीच नंबर पुन्हा विचारतात, असं तिथल्या मुली सांगायच्या. पुढं दक्षिणेतल्या गिल्डफर्डच्या क्लाइव्ह अ‍ॅल्डर्सीशी तिचं लग्न ठरलं. खानदानी घर, मऊ बोलणारी माणसं.

लग्नाच्या जेवणात मुलीच्या बापानं चार शब्द बोलायचे असतात. काका नव्या सुटात उभे राहिले.

"आमची वेंच ल्हान व्हती तवा भट्टीपाशीच झोपायची," ते म्हणाले. "घण थांबला की दचकून उठायची. तिला शांतता सोसायची न्हाई. तवा क्लाइव्ह, घरात जरा आवाज ठेव, बाबा."

आमच्याकडे लेकीला, बहिणीला, बायकोला मायेनं 'वेंच' म्हणतात. तिकडं दक्षिणेत तो शब्द चांगल्या बाईला कुणी लावत नाही. टेबलांवर खसखस पिकली. क्लाइव्हची आत्या शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "किती गंमतशीर. रेडिओवरच्या नाटकातला विदूषक अगदी असाच बोलतो."

काकांना वाटलं, लोकांना गोष्ट आवडली. ते पुढं बोलणार, तोच बेरिल लाल चेहऱ्यानं उठली. "बाबा, पुरे आता. लोकांना समजत नाहीये."

"बरं," काका म्हणाले आणि बसले.

परतीच्या गाडीत त्यांनी मला विचारलं, "हेटी, म्या काय वंगाळ बोललो का गं?"

"न्हाई काका."

"मग समजलं का न्हाई कुणाला?"

मी त्यांच्या नव्या सुटाची कॉलर सारखी केली.

बेरिलनं त्यांना घरात फोन घेऊन दिला. दर रविवारी तिचा फोन यायचा. काका कोट घालून फोनजवळ बसत आणि बातम्या देणाऱ्या माणसासारखं एकेक शब्द सुटा करून बोलत. "होय. मी बरा आहे. हवा थंड आहे. आभारी आहे." फोन ठेवला की घाम पुसत.

बेरिल मला खुशीत म्हणाली, "बाबा किती सुधारले गं."

"तुझ्याशीच तसं बोलत्यात," मी म्हटलं. "आमच्याशी न्हाई."

पुढच्या रविवारी मी काकांकडेच होते. फोनमधून तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बाबा, नेहमीसारखं बोला ना माझ्याशी."

"नको. तिथे कोणी ऐकले तर बरे दिसत नाही."

"इथं कुणी नाहीये, बाबा."

"तू आहेस ना," काका म्हणाले. रागानं नाही, तिची अडचण होऊ नये म्हणून जपत असल्यासारखं.

त्यानंतर काही वर्षांनी काका छातीच्या दुखण्यानं गेले. बेरिल आली. दफन झाल्यावर सगळे पबमध्ये जमले. काकांचा भट्टीवरचा जोडीदार इनॉक बिलिंगहॅम त्यांचा एक किस्सा रंगवून सांगत होता. बेरिल जवळ गेली तसा तिला न ओळखता तो सावरून उभा राहिला आणि म्हणाला, "फार वाईट झाले, मॅडम."

बेरिलनं त्याचा हात धरला. "इनॉक काका, मला बी सांगा की ती गोष्ट," ती आमच्या बोलीत म्हणाली.

शब्द बरोबर होते, सूर मात्र लागला नाही. नाटकातल्या बाईनं गावंढळ पात्र करावं तसं वाटलं. इनॉकनं ग्लास खाली ठेवला. "बाईसाहेब, आजच्या दिस तरी आमची नक्कल करू नगा. जोसायाला आत्ताच मातीत ठेवून आलोय."

"मी जोसायाची मुलगी आहे," ती म्हणाली. हे तिच्या तोंडून सरळ निघालं, पण गिल्डफर्डच्या आवाजात.

इनॉकनं ओळखलं. माफी मागितली, तिला खुर्ची दिली, चहा मागवला. किस्सा मात्र त्यानं पुढं सांगितला नाही.

क्लाइव्ह वारल्यावर बेरिल इकडं, स्टोरब्रिजला राहायला आली. दर शनिवारी ती आमच्या बाजारात येते. बायका गप्पा मारत असतील तिथं रेंगाळते, नको असताना वाटाणे घेते, डुकराच्या मांसाचे गोळे घेते. ती आली की बायकांचं बोलणं आपोआप हळू होतं. एकदा मी खाटकाला म्हटलं, "अरे, ही आपलीच हाय. जोसाया ट्रोमन्सची पोरगी."

त्यानं मान डोलावली. मांस नीट दुहेरी कागदात बांधलं आणि तिच्याकडे वळून एकेक शब्द स्पष्ट म्हणत विचारलं, "आणखी काय देऊ, मॅडम?"