जरा म्हणजे किती

माझ्या थोरल्या भावाचा फोटो स्टुडिओ जुळे सोलापुरात आहे. एक गाळा, मागे निळा पडदा, दोन छत्र्यांचे लाइट आणि काउंटरवर कॉम्प्युटर. आमच्या महिला संघटनेची पत्रकं मी तिथेच बसून जुळवते, कारण घरी प्रिंटर नाही आणि दादाला कुणालाच ‘नाही’ म्हणता येत नाही. मला तो ‘नाही’ म्हणत नाही, तसं गिऱ्हाइकालाही म्हणत नाही. सगळं दुखणं तिथेच आहे.

फोटोग्राफरने धंदा कसा बुडवावा, यावर पत्रक काढायचं ठरवलं असतं तर मला त्या गाळ्याबाहेर जावंच लागलं नसतं. एकाच मुहूर्तावर दोन लग्नं घ्यायची आणि दुसऱ्या मांडवात मित्राला धाडायचं. अल्बममध्ये कोण कोण येणार हे आधी बोलायचं नाही. मग नवरीचा काका ‘मी मेलो होतो का?’ म्हणत अख्खा अल्बम परत आणून आपटतो. पण सगळ्यांत घातक चूक एका शब्दात मावते. जरा. ‘जरा लवकर द्या.’ ‘पोट जरा आत घ्या.’ ‘जरा उजळ करा.’ प्रत्येक ‘जरा’ला दादाचं उत्तर ठरलेलं असायचं, ‘होऊन जाईल.’ किती करायचं, कुणासाठी करायचं, हे विचारायचं नाहीच.

लग्नसराईच्या तोंडावर जवळच्या मंद्रूप गावाहून एक बाई आपल्या भाचीला घेऊन आली. स्थळांना पाठवायला फोटो हवा होता. भाची एका दवाखान्यात रक्त तपासण्याचं काम करायची. रंगाने सावळी, आणि डोळे असे की माणसाचं लक्ष आधी तिथेच जावं. आत्याने तिला लहानाची मोठी केलेली. फोटोआधी स्वतः वाकून तिच्या निऱ्या सारख्या केल्या, पदर बसवला, आणि मग दादाकडे वळून हळूच म्हणाली,

“बाळा, जरा उजळ कर हं.”

“होऊन जाईल, मावशी.”

मी समोर बसून हुंड्यावरचं पत्रक जुळवत होते. मान वर करून बघितलं, तर दादाने डोळ्यांनीच गप्प बसवलं. त्या दोघी गेल्यावर तो कामाला लागला. आधी सावळा रंग गेला. मग नाकाजवळचा तीळ गेला. मग गाल गुळगुळीत झाले, अगदी नव्या बशीसारखे.

“दादा, हिला आता हिची आत्या तरी ओळखेल का?”

“सगळे असंच मागतात गं. मी नाही केलं तर शेजारचा करेल.”

संध्याकाळी एक साखरपुडा होता आणि कॅमेऱ्याचं कार्ड भरलेलं होतं. त्याने मूळ फोटो पुसून टाकले. तेही नेहमीचंच. गोरा करून झाला की जुन्याला कोण विचारतं?

काही आठवड्यांनी आत्या दुकानात शिरली ती पदर खोचूनच. मागे भाची.

“लई केलंस रं. जरा म्हटलं हुतं मी, जरा! तू तर पोरगीच बदलून टाकलीस.”

“मावशी, तुम्हीच म्हणालात ना...”

“म्हणले की! पण जरा म्हंजी किती, ह्ये तुला कळाय नको? फोटोवाला तू हायस का मी?”

झालं होतं ते असं. पाहुणे मुलगी बघायला आले. भाची पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली, सगळ्यांना बशा दिल्या. मुलाच्या आईने बशी घेतली, आतल्या दाराकडे बघितलं आणि विचारलं, “फोटोतली पोरगी कुटं हाय?” तिला वाटलं ही थोरली बहीण असेल. मग हीच ती, हे कळलं. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला आणि गाडीत बसून निघून गेले.

हे ऐकताना माझ्या हातातला कागद चुरगळला. 

“आता दुसरा काढ,” आत्या म्हणाली. “बेताचा उजळ. आनि नीट झाला न्हाय, तर बाजाराच्या दिवशी उभी ऱ्हाऊन समद्यास्नी सांगते, ह्याच्याकडं जाऊ नगा म्हणून.”

ही धमकी पोकळ नव्हती. दादाची निम्मी कामं मंद्रूपच्या बाजूने यायची, आणि तीही एकाने दुसऱ्याला सांगितलं म्हणूनच. आजूबाजूला काचेचे दरवाजे लावून नवे स्टुडिओ उघडलेले. ती बाजू तुटली असती तर त्याला गाळा सोडावा लागला असता. त्याने एकदम कॅमेरा उचलला. त्याच्या तोंडावर ‘होऊन जाईल’ आलेलं मला दिसलं.

तेवढ्यात भाची पहिल्यांदा बोलली. “मूळचा फोटो आहे का? बदलायच्या आधीचा?”

“नाही गं,” दादा म्हणाला. “पुसला तो.”

“म्हणजे मी होते तशी कुठेच नाही.”

तिने हे भांडून म्हटलं नाही. दवाखान्यात एखादा रिपोर्ट वाचून दाखवावा, तसं म्हटलं. मी मात्र भडकलेच. दादाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, परत गोरी केलीस तर मी स्वतः तुझ्या दारावर पत्रक डकवेन.

“डकव,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “तू पत्रकं वाटून घरी जातेस. मला उद्या शटर उघडायचं असतं.”

खरं होतं ते. पत्रकाला गिऱ्हाईक लागत नाही, स्टुडिओला लागतं. कातडीच्या रंगावरून पोरींची पारख करणारा बाजार माझ्या भावाने मांडलेला नाही. तो बिचारा त्या बाजाराच्या तोंडाशी पडदा टांगून बसलाय. पण म्हणून काय झालं?

“उघड की शटर,” मी म्हटलं. “पण खुर्चीवर कोण बसलंय, तेवढं तरी बघ.”

 दादाने लाइट लावले, भाचीला बसवलं, आणि कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी खाली घेतला.

“तुला कसा पाहिजे?”

भाचीने आत्याकडे बघितलं.

“तिला काय इचारतोस?” आत्या म्हणाली. “मी बोलती हाय की!”

“मावशी, मागच्या वेळी तुमचंच ऐकलं,” दादा म्हणाला. “ काय झालं ते बघितलं की आपण.”

 भाची म्हणाली, “ताट माझ्या हातात होतं आणि ते मलाच विचारत होते, मुलगी कुठाय. तसं परत कुणी विचारू नये, असा काढा.”

दादाने फोटो काढले. लाइट मागे घेतला, पडदा बदलला, हनुवटी वर करायला लावली, दवाखान्यातली एखादी गंमत सांगायला लावली. एवढी मेहनत मी त्याला प्री-वेडिंगवाल्यांसाठीसुद्धा घेताना बघितलं नव्हतं. मग कॉम्प्युटरवर फोटो उघडला आणि माउसवरून हात काढून घेतला. सावळा चेहरा, नाकाजवळ तीळ, आणि ते डोळे.

आत्याने बराच वेळ बघितलं. आधी कानडीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. मग म्हणाली, “माज्या टायमाला फोटो बी न्हवता. तोंडावर सांगून जायाचे, काळी हाय म्हणून. म्या म्हटलं, हिला तरी ऐकाय लागू नये.”

 जिच्यावर मी दातओठ खात होते, ती बाई आयुष्यभर तोच मार खाऊन बसली होती. तिला उजळपणा नको होता, भाचीची सुटका हवी होती. आणि गावात सुटकेचं दुकान नसल्यामुळे ती फोटोच्या दुकानात आली होती.

“ह्यो फोटो बघून कोन येनार हाय गं?” तिने भाचीला विचारलं.

“जो येईल तो मला बघून येईल, आत्या.”

आत्या पायऱ्या उतरली. छापलेला फोटो भाचीने पिशवीत ठेवला, आणि एक दादाकडून मोबाइलवर मागून घेतला.

नंतरचे दिवस वाईट गेले. मंद्रूपकडचं एक ठरलेलं लग्न फोनवरच मोडलं, म्हणजे दादापुरतं मोडलं; त्यांनी काचेच्या दरवाजावाला धरला. दादा दिवसभर आधार कार्डाच्या झेरॉक्स काढत बसायचा. मला ‘तुझ्यामुळे’ म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. तरी आता मूळ फोटो पुसायचे नाहीत हे त्याने ठरवलं होतं, आणि अल्बममध्ये काय येणार, फोटोत काय बदलणार, काय नाही, हे कॅमेरा काढायच्या आधी बोलायला लागला होता. अडखळत बोलायचा, पण बोलायचा.

मग एका दुपारी मंद्रूपचीच एक बाई पोरीला घेऊन दारात उभी राहिली. आत यायच्या आधीच तिने विचारलं,

“भांडनारा फोटोवाला ह्योच का?”

दादाने माझ्याकडे बघितलं. “भांडणारी ही आहे. मी फोटोवाला.”

“ती दवाखान्यातल्या पोरीची आत्या बाजारात सांगत हुती. म्हनली, लई उलटं बोलतो, बाईमानसाचं ऐकत न्हाय, पन फोटोतलं मानूस घरात बी वळखू येतं.” बाई खुर्चीवर टेकली. “हिचा काढ. हाय तसा काढ. दात तेवढे सरळ कर.”

“ए आई!” पोरगी ओरडली.

दादा लाइटची छत्री ओढत पोरीकडे बघून हसायला लागला. “बाई, दात तुझे आहेत. तू बोल, काय करू?”

पोरगी लाजली, ओठ मिटून बसली, आईकडे बघितलं, आणि आईचं फुगलेलं तोंड बघून तिला हसू आवरेना. पुढचे दोन्ही दात बाहेर काढून ती खदखदून हसली. दादाने बटण दाबलं.