तू माझा, मी तुझा

भट्टी विभागाच्या साहेबांना कारखान्यात मागून सगळे ‘शिक्का’ म्हणत. कागदांचे दिवस होते तेव्हा त्यांच्या खिशात खरोखरच रबरी शिक्का असे, आणि जेवायला जातानासुद्धा ते तो टेबलावर सोडत नसत. पुढे रजा, पाळ्या, सुट्या भागांची मागणी, सगळं संगणकावर गेलं. शिक्का गेला, नाव तेवढं चिकटून राहिलं.

संगणकात एक पान होतं: ‘मी नसताना मंजुरी कोण देणार?’ तिथे आपल्या हाताखालच्या माणसाचं नाव भरायचं, एवढंच काम. साहेबांच्या हाताखाली अकरा वर्षं एक सहायक बाई होत्या. भट्टीवरच्या चाळीस माणसांच्या पाळ्या त्यांना तोंडपाठ. पण साहेबांच्या मनात एक प्रश्न ठाण मांडून बसला होता: आपण चार दिवस नसलो आणि कुणाचं काहीच अडलं नाही, तर? हा प्रश्न त्यांनी बायकोलाही कधी सांगितला नाही. त्या पानावर त्यांनी नाव भरलं पॅकिंगच्या साहेबांचं. त्यांनाही नेमकं हेच दुखणं. त्यांनी यांचं भरलं. “तू माझा, मी तुझा,” असं चहा पिताना ठरलं आणि सहा वर्षं सुरळीत चाललं, कारण तोवर दोघं एकाच वेळी कधी गावाबाहेर गेले नव्हते.

यंदा गेले. दोघांच्या बायकांचं मेतकूट जमलेलं, त्यांनीच बेत ठरवला. चार दिवस समुद्रकाठी.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, भट्टीवरच्या एका जुन्या कामगाराला दवाखान्यातून फोन आला. हा माणूस इतका कमी बोलायचा की त्याचं नावच मौनी पडलं होतं. त्याच्या बायकोच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. आता डॉक्टर म्हणत होते, उद्या सकाळी नऊला या, नाहीतर महिनाभर जमायचं नाही. मौनीने लगेच संगणकावर रजा टाकली. त्याची उद्या सकाळची पाळी. बदली माणूस मिळणार तो रजा मंजूर झाल्यावर, आणि बदली आल्याशिवाय पेटती भट्टी सोडायची नाही, हा तिथला पहिला नियम.

अर्ज शिक्क्यांकडे गेला. ते बाहेरगावी, म्हणून पॅकिंगकडे. तेही बाहेरगावी, म्हणून पुन्हा शिक्क्यांकडे. दर तासाला एक खेप. बाईंना पडद्यावर सगळं दिसत होतं, हात मात्र लावता येत नव्हता. त्यांनी साहेबांना फोन लावला.

साहेब वाळूत खुर्ची टाकून बसले होते. फोनवर नाव बघून त्यांचा चेहरा खुलला. “बघ,” त्यांनी मित्राला फोन दाखवला, “आपल्यावाचून पान हलत नाही तिथं.”

“अरे, मग घे की.”

“घेईन सावकाश. कळू दे जरा.” आणि त्यांनी फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा कापून बंदच करून टाकला.

बुधवारी कारखान्याचे मोठे साहेब भेटले नाहीत, म्हणून गुरुवारी सकाळी बाई त्यांच्या दारात उभ्या होत्या. ते आले साडेदहाला. संगणकवाल्याने तो फेरा तोडला, बदली माणूस बाराला पोचला. मौनी दवाखान्यात गेला तेव्हा एकटीच आलेल्या बायकोला ऑपरेशन होऊन बाहेर आणलेलं होतं.

सोमवारी साहेब कामावर आले तेव्हा संगणकवाला कागद घेऊन हजर. “साहेब, वीस वेळा! बॅडमिंटन चाललं होतं तुमचं दोघांचं. फूल काही खाली पडेना!”

खोलीत हशा पिकला. साहेबही हसले. मग त्यांनी कागदावरचं अर्जदाराचं नाव आणि खाली लिहिलेलं कारण वाचलं. हसू ओठांवरच वाळलं.

दुपारी मौनी हजेरीच्या वहीवर सही करायला आला. “आता बरी आहे ती,” न विचारताच म्हणाला. आणि जणू साहेबांचीच बाजू सावरत, “बाईंनी फोन लावले होते म्हणे. तिकडे रेंज नसेल.”

“नव्हती,” साहेब म्हणाले.

पलीकडच्या टेबलावर बाईंची बोटं थांबली. लागलेला फोन आणि कापलेला फोन यांतला फरक त्यांना कळत होता.  मान वर न करता त्या पुन्हा टाइप करू लागल्या. साहेबांना वाटलं, यापेक्षा दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्या पानावर त्यांनी बाईंचं नाव भरलं आणि तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, “बरं.” एवढंच.  आरशासमोर दाढी करताना साहेब स्वतःकडे न बघता फक्त हनुवटीकडे बघू लागले.

बुधवारी ते दवाखान्यात गेले. मौनी औषधं आणायला खाली गेला होता. त्याची बायको उशीला टेकून बसली होती.

“या साहेब. तुम्ही कशाला त्रास घेतलात? तिकडे रेंज नव्हती, त्याला तुम्ही तरी काय करणार?”

“रेंज होती. फोन मी कापला. तीनदा.”

“का?”

“माझ्यावाचून अडतंय, हे बघायला बरं वाटत होतं.”

तिने नजर छताकडे वळवली. “नर्स विचारत होती, बरोबर कोण आहे? मी म्हटलं, येतायत. दोनदा म्हटलं. मग शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं माझा हात धरला. ओळख ना पाळख.” मग तिने मान वळवली. “यांना सांगितलंत?”

“नाही.”

“मग त्यांना सांगा. मला काय सांगता? तो माणूस आठवडाभर स्वतःलाच खातोय. म्हणतो, भट्टी टाकून पळत यायला हवं होतं, मीच भित्रा.”

दारात मौनी आला. साहेबांना बघताच सवयीने ताठ उभा राहिला, औषधांची पिशवी खाटेवर टाकून स्टूल ओढून फडक्याने पुसू लागला. “बसा ना साहेब.”

“नको,” साहेब उभ्यानेच म्हणाले. “तू बस. मी तुझ्याशी खोटं बोललोय.”