वाळवीने खाल्लेल्या पानाचे सूर

मी हार्मोनियम दुरुस्त करणारा माणूस. भास, संकेत, मागचा जन्म… असलं काही कोणी सांगायला लागलं की मी उठून चहा प्यायला जायचो. तरी हे लिहितोय, कारण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही धुळ्याकडचे, राहायला सुरतेत, लिंबायतला. नानपुऱ्यात रोशनबाई नावाच्या निवृत्त पारशी संगीतशिक्षिका होत्या. त्यांच्याकडे सहा तारांचं, गुडघ्यांत धरून वाजवायचं जुनं युरोपियन वाद्य होतं — व्हायोला दा गांबा. तीनशे वर्षांपूर्वीची, आता कोणीच वाजवत नाही अशी एक रचना त्यांना दोन व्हायोलिनवाल्या मैत्रिणींबरोबर पुन्हा उभी करायची होती. पण गांबाने वाजवायच्या भागाचं शेवटचं पान वाळवीने खाल्लेलं, आणि दुसरी प्रत कुठेच मिळेना. कार्यक्रम रविवारी.

"पुढच्या वर्षी ही बोटं चालतील असं नाही," बाई म्हणाल्या.

त्यात वाद्याची फळी तडकली. मी तारा उतरवून सरस लावला. फळी दाबून धरायला आईला सोबत नेलं होतं. वीस वर्षं लूमच्या खडखडाटात काम करून तिचे कान पार गेले होते.

दुपार होती. पडद्यातून पिवळसर उजेड येत होता. मैत्रिणी वरचे दोन भाग वाजवत होत्या. गांबा आईच्या मांडीवर, दोन्ही तळहात लाकडावर, डोळे मिटलेले. वाळवीच्या पानाची जागा आली… आणि आई गुणगुणायला लागली. खालच्या, जड आवाजात, अगदी सावकाश. खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटली मला.

"आ तो बराबर बेसे छे!" रोशनबाई पुटपुटल्या. सूर वरच्या दोन भागांशी नेमके बसत होते. त्या पेन्सिलीने भराभर लिहीत सुटल्या.

नंतर मी खुणेने विचारलं, हे कुठे शिकलीस? आई गोंधळली; आपण गायलो हेच तिला पटेना.

"मी कोठे गायनू? माले ते आयकू उनं."

रविवारी रचना पूर्ण वाजली. आई पहिल्या रांगेत होती. तिला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही.

तीन वर्षांनी परदेशातून एक प्रत आली. बाईंनी दोन्ही पानं शेजारी ठेवली. सूर न् सूर तोच. फक्त शेवटचा सूर आईने जरा जास्त लांबवला होता. जाणकार म्हणतात, योगायोग… असेल. तारा नसलेल्या त्या लाकडातून तिला काय ऐकू आलं, मला अजून उलगडलेलं नाही.

बाईंनी मात्र नवी प्रत कपाटात ठेवली. पुढे वाजवताना त्या शेवटचा सूर लांबवायच्या.